तोड मीटर

भागाबाईने खाट फरफटत आणून नेमकी मीटरखाली टाकली, पदर खोचला आणि मांडी ठोकून बसली. तिच्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर जुनं काळं मीटर होतं, आणि समोर नवं मीटर खोक्यातून अर्धवट बाहेर काढून सुकलाल फिटर उभा होता. शिडी लावायची तर खाटेच्या जागी, आणि खाटेवर भागाबाई.

"अक्का, पाच मिनिटांचं काम आहे," सुकलाल म्हणाला.

"व्हई ना. मी कोठे नही म्हनस? तू तुनं काम कर, मी मनी जागावर बठेल शे."

अमृत दारात उभा राहून हे पाहत होता. सुकलाल याआधी दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता, म्हणून अमृत भुसावळहून, रेल्वेच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा टाकून खास सोनगीरला आला होता. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाने चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला खाटेवरून उठवावं कसं, याचा नियम रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात त्याच्या वाचनात आला नव्हता.

"माय, काब्रं? कशाले अडाई ऱ्हायनी त्याले?"

"हाई तोड मीटर शे," भागाबाई म्हणाली. "कागदवरच लिखेल शे. भिकुबाईना सूननी वाची दाखाडं."

अमृतने वीज कंपनीचा कागद मागून घेतला. त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं होती, टी, ओ आणि डी. समोरच्या भिकुबाईच्या सुनेने ती जोडून वाचली होती, आणि जोडून वाचली की त्यांचं 'तोड' होतं, याला कोणाचाच इलाज नव्हता. गल्लीत असं एकही घर नव्हतं ज्याची लाईट कधी ना कधी तोडली गेली नव्हती. त्यामुळे कंपनीने या वेळी तोडायचं यंत्रच भिंतीवर बसवायचं काढलं आहे, माणूस पाठवायचे कष्टही वाचवले आहेत, यावर सगळ्यांचा तासाभरात विश्वास बसला होता.

"ते तोड नही माय. टी-ओ-डी. म्हंजे टाईमप्रमाने भाव. सकायना नऊ थीन सांजना पाच लगून वीज स्वस्त. बाकी टाईमले नेहमीना भाव."

"स्वस्त काब्रं?" भागाबाईचे डोळे बारीक झाले. "बजारमा सांजले मेथी स्वस्त व्हस, कारन ती कोमायी जास. वीज कोमायी जास का?"

"दिनले सूर्यवर वीज तयार व्हस. भलती तयार व्हस. तवय वापरी ते स्वस्त पडस."

"म्हंजे उरेल-सुरेल."

सुकलालने असली पन्नास घरं पाहिली होती. खोकं ओट्यावर ठेवत तो शांतपणे म्हणाला, "उरलेली नाही अक्का, ताजी. दिवसाची वीज ताजी असते. आत्ता निघाली, आत्ता आली."

हे भागाबाईला विचार करण्यासारखं वाटलं. तिने एक पाय खाली सोडला.

"आनी पाच नंतर तोडतस?"

खरं सांगायचं तर अमृतने इथे सरळ 'नाही' म्हणून थांबायला हवं होतं. पण त्याची नजर आतल्या खोलीत गेली. तिथे खिडकीशी त्याने मागच्या वर्षी घेऊन दिलेला कूलर उभा होता. अंगावर जुनं लुगडं पांघरलेलं, वर डाळीचा डबा आणि डब्यावर गणपतीचं कॅलेंडर गुंडाळून ठेवलेलं. मागच्या मे महिन्यात भागाबाई भरदुपारी चक्कर येऊन ओट्यावर पडली होती. धुळ्याला दोन दिवस सलाईन लावून डॉक्टरांनी तंबी दिली होती की या वयात पुन्हा ऊन लागलं तर आमच्याकडे आणायलाही वेळ मिळणार नाही. कूलर त्यानंतर आला. तो लावला का, असं विचारलं की भागाबाई 'लावू ना' म्हणे आणि डाळीचा डबा जागचा हालत नसे. बिल अमृतच भरत होता, पण पैसा घरचाच जातो, हा तिचा हिशोब कोणाला मोडता आला नव्हता.

"पाच नंतर तोडत नहीत," अमृत म्हणाला. "पन नऊ ते पाच कूलर लावा नही, ते सवलत वाया जास."

वाया हा शब्द त्याने जरा दाबून उच्चारला. ज्या बाईने आयुष्यात शिळ्या भाकरीचा तुकडा वाया जाऊ दिला नव्हता, तिच्यापुढे दुसरं काही बोलायची गरजच नव्हती. भागाबाई उठली, खाट बाजूला केली आणि सुकलालला म्हणाली, "चहा लेशी ना?" मीटर बसेपर्यंत ती शिडी धरून उभी होती.

अमृत भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होता. उमेदीची वर्षं त्याने कागदावर गाड्यांच्या रेघा ओढण्यात घालवली होती. आता रेघा पडद्यावर आपोआप उमटत, पण त्या वाचायला माणूस लागतोच. रेघ कुठे आडवी झाली की मालगाडी कोणत्या स्टेशनला अडकून बसली आहे, हे तो मान न वळवता सांगे. अशा माणसाच्या मोबाईलवर वीज कंपनीचं ॲप आलं आणि त्यात आईच्या घराचा आलेख दिसू लागला, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांचा. त्याला हवं होतं ते हेच.

साडेपाचच्या खणात बारीक उंचवटा, म्हणजे माय उठली, बल्ब लागला. सातच्या खणात मोठं टेंगूळ, पाण्याची मोटर. आणि एप्रिल लागला तशी नऊला रेघ पायरी चढून वर जाई आणि पाचला तितक्याच सरळ खाली येई. तो कूलर. आठवडाभर त्याने ती पायरी रोज पाहिली. मग दहा दिवसांनी सातचं टेंगूळही उचलून नऊला आलं. भागाबाईने मोटर, मिक्सर, इस्त्री, सगळं नऊनंतर नेलं होतं. नऊच्या आत चटणी लागली तर ती दाणे पाट्यावर वाटी, पण मिक्सरला हात लावीत नसे. गल्लीतल्या बायाही आपल्या मिरच्या घेऊन नऊ वाजता तिच्या दारात उभ्या राहू लागल्या, कारण त्यांच्याकडे अजून तोड मीटर बसलं नव्हतं आणि ताजी वीज फक्त भागाबाईकडे होती.

महिन्याचं बिल कमी झालं नाही, चांगलंच वाढलं. एवढा कूलर चालला आणि गल्लीच्या मिरच्या दळल्या म्हटल्यावर ते वाढणारच. अमृतने आनंदाने ते भरलं आणि आईला सांगितलं की कमी आलं, शिवाय कूलर चालू की बंद ते मला इथे मोबाईलवर दिसतं.

"देख," भागाबाई म्हणाली होती. "मी सांगेल व्हतं ना, हाई मीटर चांगलं शे."

ऑफिसात तो दोघा-तिघांना आलेख दाखवून चुकला. "ही माझी आई," असं म्हणून तो मोबाईल पुढे करी आणि समोरच्याला एक निळी रेघ दिसे. त्याची बायको दीपमाला हिला हे फारसं रुचत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तो रोज दुपारी फोन लावी, कूलर लावला का म्हणून भांडे, आणि भांडणाच्या ओघात पाच-दहा मिनिटं जात. आता भांडायला कारण उरलं नाही. फोनही राहिला.

"आईंना फोन केला होता का?" दीपमालाने एका रविवारी विचारलं.

"कशाला? हे बघ, नऊपासून सुरू आहे. मजेत आहे ती."

दीपमालाने मोबाईल हातात घेऊन त्या रेघेकडे पाहिलं.

"हा कूलर मजेत आहे," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अडीचच्या सुमाराला अमृतने सवयीने ॲप उघडलं. दोन वाजता रेघ खाली आली होती. धुळ्यात पारा चव्वेचाळीसवर होता. त्याने खुर्चीवरून उठून व्हरांड्यात येत फोन लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"माय, कूलर काब्रं बंद शे?"

"बंद शे का?" भागाबाई म्हणाली. "हां. लाईट गयी ना."

"तुले काही व्हयनं नही ना?"

"माले काय व्हस? तू जेवना का?"

मग तिने सांगितलं की तांबटआळीतल्या इंदिराबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी असतानाही तिने वटवट थांबवलेली नाही. किल्ल्यावर कुणी तरी शूटिंग करायला आलं होतं आणि माकडांनी त्यांची पिशवी पळवली. बारा मिनिटं झाली. फोन ठेवल्यावर अमृतला हायसं वाटलं, आणि कूलर पुन्हा सुरू झालेला त्याने पुढच्या खणात पाहिला.

शुक्रवारी रेघ पुन्हा पडली. तो पुन्हा व्हरांड्यात धावला. या वेळी कूलरमधलं पाणी संपलं होतं. सोमवारी कूलरमध्ये पाल शिरली होती. बुधवारी कूलरच्या मोटारीला जळका वास येत होता, पण फोन संपेपर्यंत तो गेला. गुरुवारी पुन्हा लाईट गेली होती. अमृतला इथे शंका आली, कारण रेघ शून्यावर गेली नव्हती. तळाशी केसाएवढी उरली होती, म्हणजे देवाजवळचा बारीक बल्ब चालू होता. लाईट गेली तर देवाचीही जाते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

म्हणजे माय पुन्हा काटकसर करायला लागली, असा त्याने निष्कर्ष काढला. नाही तर कूलर बिघडला आणि ती लपवते आहे. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने तो सांगू शकत होता की रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी गाडी थांबते तेव्हा सिग्नलमध्ये दोष असतो. त्याने सुकलालचा नंबर शोधला आणि मीटर व कूलर दोन्ही तपासून यायला सांगितलं.

सुकलालचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

"साहेब, मीटर ओके. कूलरपण ओके. पाण्याची टाकी भरलेली, वायर नवी."

"मग दोन वाजता बंद का पडतो?"

सुकलालच्या मागे कुठे तरी बस हॉर्न देत होती.

"दोष आहे साहेब. पण तो माझ्या खात्यातला नाही. तुम्हीच या एकदा. आणि आधी सांगून येऊ नका."

शनिवारी अमृत न सांगता निघाला. सकाळची एसटी धुळ्यापर्यंत नीट चालली आणि धुळ्याला सोनगीरची गाडी दोन तास मिळाली नाही. सोनगीर फाट्यावर तो उतरला तेव्हा दीड वाजून गेला होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काटकसर पकडायची, चांगलं झापायचं आणि ऐकलं नाही तर सरळ भुसावळला घेऊन जायचं, असं तो मनाशी घोकत गल्लीत शिरला. घराजवळ आल्यावर त्याला कूलरची घरघर ऐकू आली आणि राग जरासा ढिला पडला.

समोरच्या दारात भिकुबाई बसली होती. तिने त्याला पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हाताने आत बोलावलं.

"अठे ये. पानी पे पहिले."

"मी घर जास ना, मावशी."

"जाशी. जराखा थांब. दोन वाजाले उनात." तिने त्याच्या हातात तांब्या दिला. "आते ती तुले हाक मारी."

"माले? मी येल शे, तिले माहीत शे?"

"नही रे. ती मीटरवर मारस."

अमृतला काही कळलं नाही. पाण्याचा घोट तोंडात घेऊन तो भिकुबाईच्या दाराआडून समोर पाहू लागला. आईच्या घराचं दार सताड उघडं होतं. खाट कूलरच्या समोर होती आणि तिच्यावर भागाबाई आडवी होती. तिची पांढरी बट वाऱ्याने उडत होती. म्हणजे झोपते ती तिथेच. हे पाहून त्याला बरं वाटलं.

आतल्या घड्याळात दोनचे ठोके पडले. भागाबाई उठून बसली. माठातलं पाणी घेऊन तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं. मग भिंतीजवळ गेली आणि कूलरचं बटन दाबून तो बंद केला. गल्लीत एकदम शांतता झाली. खिडकीतला मोबाईल तिने घेतला, त्याची काच पदराने पुसली, तो खाटेवर आपल्यासमोर ठेवला आणि जुन्या पंचांगाने वारा घेत त्याच्याकडे बघत बसली.

"रोज अर्धा तास लागस," भिकुबाई हळूच म्हणाली. "मंग येस तुना फोन. आम्ही म्हनतस तिले, तूच लाय ना फोन. ती म्हनस, तो कामवर ऱ्हास, बिनकामना फोन कसा करू. हाई ते काम शे ना."

अमृतच्या हातात तांब्या तसाच राहिला. अर्धा तास. रेघ मोबाईलवर उमटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ ती या भट्टीत कूलर बंद करून त्याची वाट बघते. ज्या कूलरसाठी त्याने मीटर बसवलं आणि बिलाचं खोटं सांगितलं, तो कूलर बंद करायला त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याला भयंकर लाज वाटली.

पाच पावलं चाललं की तो आत होता. पण आत गेला असता तर आईला कळलं असतं की तिची युक्ती त्याने पाहिली, आणि तीही भिकुबाईदेखत. मग तिने पुन्हा कधी बटन दाबलं नसतं आणि फोनची वाट बघणंही सोडलं असतं. त्याने खिशातून मोबाईल काढला. ॲप उघडलं नाही. सरळ फोन लावला.

समोर खाटेवर मोबाईल वाजला. भागाबाई दचकली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, मग उचलला.

"आज लवकर कसा लागना तुना फोन?"

"लागना सहज. माय, कूलर काब्रं बंद शे?"

"लाईट गयी ना," भागाबाई म्हणाली.

भिकुबाईचा पंखा अमृतच्या डोक्यावर गरगर फिरत होता.

"माय, बटन दाब."

"दाबं का मंग त्याना घरघरमा तुनं बोलनं ऐकू येत नही."

याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

"मी जोरमा बोलस. तू दाब पहिले."

भागाबाई थोडी घोटाळली, मग उठून तिने बटन दाबलं. कूलर घरघरला. ती त्याच्या तोंडासमोर बसली, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ओरडली, "हं. बोल."

"जेवनी का?" अमृत तेवढ्याच जोरात म्हणाला.

"जेवनी. तू?"

"मी बी."

भिकुबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाकरीची टोपली पुढे ओढली.

"उद्या थीन मीच लावसू फोन, रोज," अमृत म्हणाला. "दोन वाजता. तू कूलर बंद करानं काम नही."

"रोज काब्रं? काम काय शे?"

अमृतला काम सुचेना. गाड्यांचं सगळं काम त्याला पाठ होतं, पण हे त्याच्या तक्त्यात कधी बसलं नव्हतं.

"बठ्ठं, सगळं काही सांगत जाय माले," तो शेवटी म्हणाला. "धरणगावले लगीन व्हतं ना? रुपचंदना आंडेरनं, त्याना पोरीनं. काय व्हयनं तठे?"

भागाबाईने पाय वर घेतले. तिने पंचांग बाजूला ठेवलं. हळदीच्या दिवशी वऱ्हाड कसं दोन तास उशिरा आलं, तोवर पंगतीतल्या बट्ट्या कशा गार झाल्या आणि नवऱ्याच्या मामाने नेमकी तीच गोष्ट उकरून काढून कसा रुसवा धरला, हे ती सांगू लागली. अमृत जोरजोरात 'मंग?' म्हणत राहिला. दोन घरं सोडून कोणी तरी दार उघडून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

मध्येच भागाबाई थांबली. तिने मोबाईल कानापासून दूर धरला, पुन्हा कानाला लावला.

"अमृत, आज तुना आवाज भलता जवळ वाटी ऱ्हायना."

"हां," अमृत म्हणाला. "आज रेंज चांगली शे."

आणि तो भिकुबाईच्या उंबऱ्यावर खाली बसला, कारण लग्न अजून हळदीपर्यंतच आलं होतं.